निरुपद्रवी गाठी

"जठरातील गाठी बहुधा निरुपद्रवी असतात, सबब डॉक्टर एन्दारा निर्दोष आहेत," असा निर्वाळा रिओबांबा शहराच्या चौकशी समितीने दिला. पहिले विधान पुस्तकात खरे होते. डॉक्टरांची रुग्ण तार्हेलिया हिच्या पोटात मात्र ते खोटे ठरले होते. तिच्या जठराच्या वरच्या भागात गाठींचे जाजम अंथरलेले होते आणि खालचा भाग स्वच्छ होता. असे जठर दिसले की घराण्यातले मृत्यू खोदून विचारायचे असतात, कारण ही व्याधी रक्तातून उतरते आणि कॅन्सरपर्यंत पोचवते. तार्हेलियाला तिने पोचवले.

धाकटी बहीण सोइला निकाल ऐकून थेट डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. चुकीला कुणीतरी चूक म्हणावे, एवढेच तिला हवे होते.

"डॉक्टर, ताईला घरच्यांबद्दल विचारलंत तरी का?"

"विचारलं होतं, बाई."

"मग? आमची आई, मावश्या, सगळ्या पोटानंच खंगून गेल्या. हे ती बोलली नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मी विचारलं, घरात कॅन्सर कुणाला होता का? ती म्हणाली, 'छे हो डॉक्टरसाहेब, आमच्या बायका कोलेरीननं जातात. नवऱ्यावरचा राग गिळून गिळून पोट सडतं.' मी इथलाच आहे. कोलेरीनच्या नावाखाली लोक कुठला आजार पुरतात, ते मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, 'मग गिळू नकोस, भांडत जा.' ती हसली. मीही हसलो, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली."