कराची ते फैजपूर

"विमानानं आला तुझा कौतिक!" फौजदार भाईदासांनी टेबलावर मूठ आपटली. "कराची ते मुंबई साडेपाचशे मैल. सकाळी उडाला, दुपारी मुंबईत उतरला. संध्याकाळची गाडी धरली, मध्यरात्री भुसावळ. आणि उजाडायच्या आत आमच्या चावडीवर तिरंगा!"

झुंबरबाई जमिनीवर मांडी घालून बसली होती. ती खो खो हसली.

"अहो, माझा पोरगा तिथं इमानात टपालाच्या गोन्या चढवतो. गोनीवाल्याले आत कोन बसू देतं?"

काल दिवसभर फौजदारांनी हाच हिशेब जुळवला होता. कराचीची तार आडवी आली होती ना! झेंडा लागायच्या आदल्या सकाळी कौतिक तिथं कामावर हजर होता. आगगाडीनं एका दिवसात येणं अशक्य. मग राहिलं काय? विमान!

आणि झेंडा लागला कुठं, तर चावडीवर, जिच्या मागच्याच खोल्यांत फौजदारांचं बिऱ्हाड. सगळं गाव तोंडात पदर धरून हसत होतं. आज जळगावला साहेबांपुढं आरोपी उभा केला नाही, तर नोकरी जायची.

"हे बघ," त्यांनी केळीच्या सोपटाची, खोडाच्या वाळल्या सालीची दोरी नाचवली. "झेंडा हिनं बांधला होता. ओढावी तेवढी गाठ आवळते मेली. झुलाल हवालदारानं शेवटी विळ्यानं कापली. अशीच गाठ तुझ्या खळ्यातल्या घडांना आहे. बोल, आहे की नाही?"

"हाये की."

"म्हणजे कबूल!"

फौजदार धुळ्याकडचे. सावद्याच्या केळीवाल्याचे जावई झाले, पण केळं सोलून खावं, यापलीकडं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"ही गाठ मारणाऱ्याला मी सोडणार नाही," ते गरजले. "कोणीही असो, खडी फोडायला पाठवीन!"

"कोनी बी असो?" झुंबरबाईनं मान वर केली. "सबद देता?"

"दिला!"

"मंग ऐका. ही गाठ आमच्याकडं लेकीले शिकवतात, लेकाले नाही. घड बांधनं बायांचं काम. माझ्या कौतिकले धोतराचा काष्टा धड जमत नाही, तो गाठ काय मारीन? या फैजपूर-सावद्याच्या पट्ट्यातल्या समद्या लेकी धरून न्या. हाये छाती?"

फौजदारांनी दोरी टेबलावर टाकली. "बायका? चावडीवर चढतील?"

"पोटात अन्न नाही, म्हनून डोकं चालत नाही तुमचं," म्हातारी म्हणाली. "जळगाव लांब हाये. आधी भाकर खा."

प्रवासासाठी बायकोनं, कमलबाईंनी सकाळीच शिदोरी बांधून दिली होती. फौजदारांनी ती खुंटीवरून काढली. सोपटाच्या दोरीचं टोक ओढलं. पुन्हा ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं.

झुलालनं खाली मान घालून विळा पुढं केला.