आठ नंबरात झोपणारा नवरा

“काका, तुम्ही झोपता कुठे?” शिरगणतीच्या कारकुनाने विचारलं.

“आतल्या खोलीत!” स्वयंपाकघरातून नगरसेविकाबाई ओरडल्या.

“इथेच. या दिवाणावर,” त्यांचा नवरा म्हणाला.

कारकुनाचं पेन हवेतच थांबलं. झोपण्याच्या जागेवरून नवरा-बायकोचे मतभेद त्याने घरोघरी ऐकले होते. पण त्यावर एका अख्ख्या वॉर्डाचा जीव टांगलेला आहे, असं हे पहिलंच घर.

घर मूळचं सात नंबर वॉर्डातलं. पुढे हौसेने बैठकीची खोली वाढवली, आणि ती जागा निघाली आठ नंबरात. दोन वॉर्डांची हद्द बैठक आणि आतली खोली यांच्यामधल्या भिंतीतून जात होती. नगरपालिकेचा नियम असा, की माणूस झोपतो तिथला रहिवासी. तो जेवतो कुठे आणि भांडतो कुठे, याच्याशी नगरपालिकेला कर्तव्य नाही. दुसरा नियम असा, की पाचशेच्या खाली गेलेला वॉर्ड शेजारच्या वॉर्डात विलीन करायचा. सात नंबराची गणती बाईंना धरून चारशे नव्याण्णववर येऊन अडली होती. राहता राहिला होता नवरा.

बाई हात पुसत बाहेर आल्या. “अहो, आत झोपतो म्हणायला तुमचं काय जातं?”

“खरेपणा जातो,” नवरा म्हणाला. तो वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाला होता. तराजूचा काटा केसभर हलला तरी दुकानाला टाळं लावणारा माणूस. घरात त्याचा कोणाला फारसा उपयोग झाला नव्हता.

“बरं, खोटं नको. आज रात्री उशी उचला आणि आत या. म्हणजे खरं होईल.”

“नियमात बसेल,” कारकून उत्साहाने म्हणाला. त्यालाही जेवायला घरी जायचं होतं.

“नाही जमणार,” नवरा म्हणाला.

बाई खुर्चीत बसल्या. एवढी वर्षं सात नंबराने त्यांना बिनविरोध निवडून दिलं होतं, कारण उभं राहण्याइतकी हौस दुसऱ्या कोणाला नव्हती. वॉर्ड आठ नंबरात गेला, की गाठ थेट तिथले नगरसेवक भाऊ यांच्याशी. आठ नंबर म्हणजे सातच्या पाचपट वस्ती. तिथे भाऊंचा तीन मजली बंगला, प्रत्येक खांबावर भाऊंचा फोटो.

“माझी खुर्ची जाईल हो,” त्या म्हणाल्या. आवाजातला नगरसेविकेचा ताठा गेला होता. “आठ नंबरात मला ओळखतंय कोण?”

नवरा काही बोलणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक तरुण बाई, हातात रिकामी बादली.

“काका, परत नळ कोरडा! बादली पुरावा म्हणून आणलीय, नाहीतर तुमचा तो पाणीवाला साहेब विश्वास ठेवत नाही.” तिचं लक्ष आत गेलं. “अय्या, ताई! आज दर्शन झालं एकदाचं. मागच्या वेळी तुमच्यामुळे दोन दिवसांत पाणी आलं बघा. आमची सगळी गल्ली तुमचं नाव घेते.”

“कुठली गल्ली?” बाईंनी विचारलं.

“डेअरीच्या मागची.”

डेअरी आठ नंबरात होती. तिची मागची बाजू तर त्याहून आठ नंबरात.

“अहो, मग भाऊंकडे नाही का जायचं?”

“गेले होते ना. बेल वाजवली की त्यांचा कुत्रा उठतो. भाऊ नाही उठत.”

बाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीकडे, म्हणजे हद्दीकडे पाहत होता.

“दार आठ नंबरात उघडतं, म्हणून आठची माणसं येतात,” तो म्हणाला. “पहाटे पाणी नाही आलं की बेल वाजते. तुझी झोप मोडू नये म्हणून मी इथे पडायला लागलो. वाटलं, एकदोघं येतील. मग गटारवाले आले, दिव्याच्या खांबाचे आले.”

“आणि मला बोलला नाहीत?”

“बोललो असतो, तर तू म्हणाली असतीस, आठचं भाऊ बघतील.”

हे खरं असल्यामुळे बाईंनी ते सोडून दिलं. “पण कामं झाली कशी?”

“मी फोन करायचो. ‘नगरसेविकाबाईंच्या घरून बोलतोय’ म्हणायचो. घरूनच बोलत होतो. त्यात खोटं काय?”

कारकून खाकरला. “बाई, मीसुद्धा आठमधलाच. आमच्या बोळातला दिवा तुम्हीच लावून दिलात असं आई सांगते. आमच्याकडे भाऊंना फोटोवरून ओळखतात, तुम्हाला कामावरून.”

“ऐकलंस?” नवरा म्हणाला. “मी आत झोपायला आलो, तर तुझा सात नंबर वाचेल. आठ नंबर मात्र हातचा जाईल.”

बाईंनी दाराकडे पाहिलं. बादलीवाली दारात अवघडून उभी होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण चांगलं चाललंय एवढं कळत होतं.

“मग काय लिहू, बाई?” कारकुनाने विचारलं.

“हे दिवाणावर झोपतात. खरं तेच लिहा.”

“सात नंबर जाईल.”

“जाऊ दे.” बाईंनी नवऱ्याच्या दिवाणावरची चादर झटकली आणि बादलीवालीला हाताला धरून तिथे बसवलं. “बसा, चहा टाकते. आणि मला एक सांगा, तुमच्या गल्लीपलीकडे ते नऊ नंबर लागतं ना, त्यांना तरी येतं का हो पाणी?”