धाकट्याचं आमेन

मशीनची नळी काढली, आणि थोड्या वेळानं त्याचे दोन्ही हात गादीवरून उचलले गेले.

आधी कोपरातून वाकले. मग छातीवर आले, हनुवटीखाली एकमेकांना टेकले. क्षणभर तसेच राहिले आणि सावकाश घसरत दोन्ही बाजूंना पडले. छाती मात्र हलली नाही.

"प्रभू!" आई म्हणाली. पलीकडच्या खाटेजवळची नर्स वळून बघू लागली.

मोठ्या डॉक्टरांनी नळी परत जोडली. छाती पुन्हा वरखाली होऊ लागली. "श्वास नाही," ते हळूच म्हणाले. आईला नव्हे, तिच्या लेकीला.

ती याच अतिदक्षता विभागात डॉक्टर होती. आज नुसती या धाकट्याची बहीण म्हणून उभी होती. मेंदू मेलाय का हे बघायची ही चाचणी चालू असताना नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, हे तिनं आजवर कितीतरी जणांना हात जोडून सांगितलं होतं. का थांबायचं, तेही तिला ठाऊक होतं. पण "माझ्या प्रार्थनेशिवाय त्याला हात लावू देणार नाही," म्हणत आई दारातच फतकल मारून बसली, आणि तिनं आपल्या आईपुरतं दार उघडलं.

"पाहिलंस ना, ताई?" आईनं तिचा दंड धरला. "हात जोड, हात जोड म्हणून जन्मभर माझा घसा बसला. एक डोळा उघडा ठेवून ताटाकडे बघायचा मेला..." आईनं जीभ चावली. "आणि आज आपणहून जोडले गं!"

"आई, त्यानं नाही जोडले. नळी काढली की कधीकधी होतं असं. ते मणक्यातून येतं. डोक्यापर्यंत काही जात नाही."

"मग मणका कुणी केला?"

तो कुणी केला, याबद्दल तिच्या मनातही आईइतकीच खात्री होती.

"सकाळी उठल्याउठल्या गुडघे टेकतेस ना रोज? आज काय मागितलंस?"

तिनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"सांग की."

"एक खूण दे म्हटलं. एवढीशी."

"मग?" आई जवळजवळ हसली. "त्यानं दिली, तर घेत का नाहीस?"

मोठे डॉक्टर पुढे झाले. "मावशी, कालची आणि आजची, दोन्ही चाचण्या तेच सांगतायत. तो गेलाय. छाती हलतेय ती मशीन हवा भरतंय म्हणून." एरवी हे वाक्य तीच म्हणायची, न अडखळता. "तुम्ही हो म्हणालात, की आम्ही मशीन बंद करू."

आईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मुलाचा हात उचलून तिनं लेकीच्या हातात दिला. "गरम आहे की नाही? डॉक्टर म्हणून सांग."

"गरम आहे."

"आणि बहीण म्हणून?"

"गरम आहे, आई."

"चार दिवस कबरेत पडलेल्या लाजराला उठवलं येशूनं. याचं तर अंगही निवालं नाही अजून. माझी प्रार्थना अर्धी राहिलीय, ती पुरी करू द्या. मग बघू."

मोठे डॉक्टर मागे सरकले.

त्यांच्या घरात प्रार्थना आई करायची आणि आमेन धाकट्यानं म्हणायचं. भूक लागलेली असायची, त्यामुळे तो ते इतक्या घाईनं म्हणायचा की आईचं शेवटचं वाक्य त्याखाली चेंगरून जायचं. पण ते होईपर्यंत कुणी डोळे उघडत नसे.

आईनं डोळे मिटले. मुलासाठी मागितलं, लेकीसाठी मागितलं. डॉक्टरांसाठी, नर्ससाठी मागितलं. मशीनवरही कृपा असू दे म्हणाली. मग म्हणाली, "येशूच्या नावानं मागते, बापा, ऐक." आणि थांबली. डोळे मिटलेलेच, मान थोडी खाटेकडे कललेली.

मशीननं हवा भरली, सोडली. भरली, सोडली.

एकच शब्द होता. तिच्या जिभेवर आलाही होता. तिनं हातातल्या हाताकडे पाहिलं आणि तो शब्द गिळला.

मोठ्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अगदी हळू विचारलं, "झाली प्रार्थना?"

"नाही," ती म्हणाली. "आमेन राहिलंय."