मूठभर कोंड्याचं लेकरू

“एकदा विकलं म्हंजे विकलं व माय. मंग पाहून पाहून जळू नोको,” असं सुईण दुर्गाबाईनं बजावलं होतं. माणिकबाईनं ते हसण्यावारी नेलं होतं. आता ती ओट्यावर तूर पाखडत बसली होती, आणि समोरच्या दारात रुख्मिणी पदरानं माणिकबाईच्याच लेकराचं नाक पुसत होती. “माय, भाकर दे,” पोर म्हणालं. रुख्मिणीला म्हणालं. माणिकबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि तुरी अंगणभर सांडल्या.

तिची आधीची तिन्ही लेकरं पाळण्यातच गेली होती. अशा घरात पुढचं मूल जन्मलं की ते आपलं म्हणून ठेवायचं नाही, ही गावाची रीत. त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचं. भरल्या कुशीच्या बाईनं मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. मृत्यू पुन्हा वास काढत आलाच, तर त्या घरात घरचं लेकरू सापडता कामा नये. मूल राहायचं आईच्याच घरी, तिनं दूधही पाजायचं, पण परक्याचं म्हणून. नाव विकत घेणारीनं ठेवायचं, तेही कोणी दुसऱ्यांदा उच्चारू नये असं. पाच वर्षं निभावली की आई त्याला सोडवून आणणार. रुख्मिणीच्या घरात सहा पोरं होती, सगळी दगडासारखी टणक. तिनं कोंडा ओतला, पोर उचललं आणि त्याचं नाव ठेवलं कोंड्या.

त्याच सुमारास गावाचे दिवस पालटले. विलायतेच्या पल्याड कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारातून परतणाऱ्या बैलांच्या गळ्यात नव्या घुंगुरमाळा वाजू लागल्या. नावंसुद्धा वधारली. मारवाडी अडत्यांची पाहून कुणब्यांच्या घरी हिरालाल आणि मोतीलाल जन्माला येऊ लागले. एकानं तर अकोल्याच्या गोऱ्या व्यापाऱ्यावरून पोराचं नाव डंकन ठेवलं. गावानं आठ दिवसांत त्याचा डंक्या केला. माणिकबाईच्या नवऱ्याचं, सूर्यभानचं, रान सगळ्यांत जास्त पिकलं. आणि त्याचा एकुलता एक मुलगा गावभर कोंड्या म्हणून हुंदडत होता, रुख्मिणीच्या पोरांची जुनी कुडती घालून.

तिनं त्याच्यासाठी मनात नाव जपलं होतं, चंद्रभान. एकदा कोणी जवळपास नाही असं पाहून तिनं त्याला हळूच तशी हाक मारली. पोरानं मागं वळून पाहिलं, दुसरं कोण आलं म्हणून. मग तिला म्हणालं, “काकी, कोनाले बोलावून राह्यली?”

निदान रुख्मिणीनं तरी हे नाटकच समजावं, तर तेही नाही. ती त्याला रागवायची, धपाटा घालायची, तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसायची. सख्ख्या आईनं करायचं ते सगळं. माणिकबाई ओट्यावरून पाहायची आणि हातातलं काम विसरायची. सहा सहा असताना हिला सातवं कशाला एवढं गोड लागावं?

गेल्या श्रावणात मरीमायचा कोप झाला, गावात पटकी शिरली. पहिल्याच दिवशी रुख्मिणी आली आणि कोंड्याला कडेवर घेऊन गेली. माहं लेकरू माह्याच घरी राहीन, एवढंच म्हणाली. सूर्यभाननं हात जोडले. माणिकबाईनं दात आवळले. त्या साथीत रुख्मिणीचा सहदेव गेला, कोंड्याच्याच वयाचा. कोंड्या वाचला. गाव म्हणालं, रीत फळली. माणिकबाईही रडली, पण तिचा डोळा दुसरीकडंच होता. सहदेव गेल्यापासून रुख्मिणी कोंड्याला पदराआड घेऊनच वावरत होती. सहदेवची गोधडी आता कोंड्याच्या अंगावर होती. रिकामी जागा हिनं माझ्या पोरानं भरून काढली, माणिकबाईच्या मनात आलं. आणि एकदा आलं ते जाईना.

आज सांडलेल्या तुरी तिनं तशाच टाकल्या. घरात गेली, सूप गव्हानं शिगोशीग भरलं, वर नवं लुगडं ठेवलं, त्यावर पोरासाठी घडवलेलं चांदीचं कडं. तशीच गल्ली ओलांडून ती रुख्मिणीच्या दारात उभी राहिली.

“मूठभर कोंडा देला होता तुनं. हे घे, आन माहं लेकरू दे.”

रुख्मिणी भाकर थापत होती. तिनं सुपाकडं पाहिलंही नाही. अजून वरीस बाकी आहे, म्हणाली; पुरं झालं की मीच आणून देईन, वाजतगाजत. माणिकबाई हलली नाही. आवाज ऐकून शेजारच्या बाया दारात आल्या होत्या. त्यांच्यासमोर, जे महिनोन् महिने जिभेवर घोळत होतं ते तिनं ओकून टाकलं.

“तुहं गेलं म्हून माहं ठेवून घेतं काय?”

रुख्मिणीचा हात काठवटीत थांबला. कोंड्या तिच्या पाठीला टेकून उभा होता. तिनं पिठाच्याच हातानं त्याला पुढं ओढलं आणि माणिकबाईकडं लोटलं. नेऊन टाक, म्हणाली. मग काठवटीकडं पाहत, अगदी सहज, चुलीशी बोलावं तशी बोलली.

“सहदेव गेला त्या दिवशी मरीमाय उंबऱ्यात उभी राह्यली. म्हने, विकतचं लेकरू कोनतं हाय ते दाखव, तेवढंच नेतो. म्या सांगलं, विकतचं कोनीच नाही व माय, सारेच माह्या पोटचे हायत.”