वणव्याच्या जागी माती

आप्पांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी लेकीच्या खेळातला पत्ता प्लास्टिकच्या कव्हरातून बाहेर काढला आणि हात लांब करून वाचायला घेतला. हात लांब केला तो नेमका मांडवीच्या जेटीच्या कठड्याबाहेर. वाऱ्याला तेवढंच हवं होतं. पत्त्याने दोन गिरक्या घेतल्या आणि भरतीच्या पाण्यात दिसेनासा झाला.

"वाऱ्यानं नेलान गो," आप्पा लेकीला म्हणाले. हात अजून तसाच लांब होता.

राहीने कठड्यावरून वाकून पाहिलं. ज्याने त्याने आपापले पत्ते आणून खेळायची ही स्पर्धा; जेवणाच्या सुट्टीनंतर अंतिम सामना होता आणि सकाळचे सगळे सामने तिने याच पत्त्यावर मारले होते. त्याचं छापील नाव इंग्रजीत, लांबलचक. रत्नागिरीत खेळणारे त्याला वणवा म्हणत. वणवा पडला की समोरच्याने टेबलावर उतरवलेले सैनिक एकजात खलास. त्याच्या हातात असतील तेवढेच वाचायचे.

"बाजारात मिळंल काय गो?"

"रविवारचा कुठे मिळणार, आप्पा? चला. आणि चेहरा असा ठेवू नका, कुणी गेल्यासारखा. हसा."

हॉलात जज दीपक सरांनी सगळं ऐकून घेतलं. "खेळताना फाटला असता, त्याच्यावर चहा सांडला असता, तर मी सही करून बदली पत्ता दिला असता. हरवला तर नियम वेगळा. सामन्याआधी तसाच दुसरा आण, नाहीतर त्याच्या जागी माती घाल."

माती हा या खेळातला सगळ्यात फुटकळ पत्ता. प्रत्येक चालीचा खर्च भागवायचा, यापलीकडे त्याचं काम नाही. जजच्या टेबलावर त्याची चळतच असते.

"हर्षदकडे जास्तीचा वणवा आहे," सर म्हणाले. "मागू का?"

हर्षद म्हणजे अंतिम सामन्यात तिच्यासमोर बसणारा. मूळचा लांज्याचा, वाढलेला डोंबिवलीत. गेली दोन वर्षं इथला चषक तोच नेत होता आणि पुण्याच्या राज्य स्पर्धेलाही तोच जात होता. इथल्यांनी आपले चषकासोबत फोटो काढायचे. यंदा राहीला तो रत्नागिरीतच ठेवायचा होता. त्यात आता आप्पांची भर. आपण हरलो तर हे जन्मभर स्वतःला खात बसतील, हे ती पुरतं ओळखून होती.

"आणि तो नाही म्हणाला तर?" ती म्हणाली. "मग त्याला कळेल, माझ्याकडे वणवा नाही. सर, तुम्ही त्याला सांगणार आहात का?"

"तुझ्या डेकमध्ये काय आहे ते त्याला सांगणं माझं काम नव्हे."

"मग माती द्या."

राही खुर्चीवर अशी बसली, जणू घरचंच कार्य आहे. वणवा टाकायला तीन माती हाताशी लागतात. तिने पहिल्यापासून तीन माती खर्च न करता बाजूला ठेवल्या आणि हातातला एक पत्ता उपडा करून कोपरापाशी सरकवला. सकाळी ती अशीच खेळली होती आणि हर्षदने मागे उभं राहून ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने दोन सैनिक उतरवले आणि तो थांबला.

मागच्या रांगेत आप्पा हसत होते. लेकीने हसा म्हणून सांगितलेलं, ते त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. फोटोग्राफरपुढे बसल्यासारखे ते दात दाखवून बसले होते. हर्षदची नजर त्यांच्यावर गेली.

"घरच्यांना आधीच निकाल कळलेला दिसतोय," तो पुटपुटला आणि टेबलाकडे नेलेला तिसरा सैनिक त्याने परत हातात घेतला.

राही दर डावाला एकदोन सैनिक उतरवून त्याला थोडं थोडं कुरतडत राहिली. एकदा मात्र हर्षदने ओठ आवळले आणि हातातल्या अख्ख्या फळीवर बोट ठेवलं. सगळे एकदम उतरले असते तर राहीचा तिथेच निकाल लागला असता. तिने कोपराजवळचा पत्ता दोन बोटांत उचलला, टेबलावर हलकेच टकटक केली.

"उतरव ना," ती गोड आवाजात म्हणाली. "मी कुठे नको म्हणतेय?"

हर्षदने बोट काढून घेतलं. तिथून पुढे सामना फक्त संपायचा उरला होता. दीपक सरांनी राहीचं नाव पुकारलं तेव्हा हॉलातल्या पोरांनी खुर्च्या बडवल्या. चषक रत्नागिरीत राहिला. आप्पांना ते खरं वाटेना, म्हणून ते उठून टेबलाशीच आले.

हर्षदने उमदेपणाने हात मिळवला. "शेवटपर्यंत वणवा टाकलाच नाहीस. आता दाखव तरी."

राहीने कोपराजवळचा पत्ता सुलटा केला. माती होती.

"वणवा दुपारीच दर्यात गेला," ती म्हणाली.

हर्षद त्या पत्त्याकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या हातातले पत्ते सावकाश टेबलावर पसरले. सगळे सैनिकच होते. एकाला साधा ओरखडा नव्हता.

आप्पा वाकून ती रांग निरखू लागले. त्यांना त्या पोराचं खरंच वाईट वाटलं.

"एवढी माणसं होती तुझ्याकडं?" ते कळवळून म्हणाले. "मग उतरवलीस का नाय रे बाबा?"