रिकाम्या मैदानातल्या टाळ्या

जमावबंदी लागली तरी गायक कारभारी हटला नाही. देवळालीच्या रिकाम्या मैदानात त्याच्या रॉक बँडनं कानठळ्या बसतील अशी नामांतर चळवळीची गाणी वाजवली आणि पहिली कॅसेट भरली.

दुसऱ्या दिवशी द्वारका चौकातल्या कॅसेटच्या दुकानात ती लावली, तर गाणं संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

“तिथं चिटपाखरू नव्हतं रे,” ड्रमर काळू म्हणाला.

कारभारीनं कान लावला. टेपमधली गर्दी आता गात होती, त्यानं आज सकाळीच मनात रचलेलं गाणं. कुणाला ऐकवलंही नव्हतं. शेवटच्या कडव्यात शहिदाचं नाव घ्यायचा त्यांचा रिवाज. ते कडवं तर अजून सुचलंच नव्हतं.

गर्दीनं ते म्हटलं. मांडीवर ठेका धरलेला काळूचा हात थबकला. नाव त्याचंच होतं.