जिन्याखालचं दार

“कडीवर हात कोणाचा होता, एवढंच सांगा बाबा. दुसरं काही विचारत नाही.”

मुलगी समोर उभी होती, तरी म्हातारा रंधा पुसत होता. सुतारकाम सोडून त्याला सहा वर्षं झाली होती, पण हत्यारं पुसायची सवय सुटली नव्हती. लोकांची दारं आरशासारखी करून देणारा हा माणूस स्वतःच्या घरात मात्र दिसेल तेवढंच रंगवायचा. तिची आई त्यावरून जन्मभर बोलत राहिली.

“कसली कडी?”

“जिन्याखालच्या दाराची. मला आठवलंय.”

सगळं नाही, पण बरंच आठवलं होतं. आठ महिने दर मंगळवारी ती डॉक्टरबाईंच्या खोलीत कोचावर आडवी होऊन मनात येईल ते बोलत होती. नवरा चेष्टा करायचा, “आधी नशीब होतं, मग ग्रह आले, आता लहानपण. खापर फोडायला माणसाला काहीतरी लागतंच.” ती हसून सोडून द्यायची. पण घरातल्या एकाही दाराला तिच्याने कडी लावली जात नव्हती, अगदी बाथरूमच्यासुद्धा. आणि पॉलिशचा वास आला की तिला भडभडून यायचं. मुलाला तिसरं लागलं तसं हे वाढतच गेलं. मागच्या आठवड्यात तो खेळता खेळता पडद्यामागे लपला, तर तिने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. पोर दोन दिवस तिच्याजवळ यायला घाबरत होतं. ते तिला सहन होत नव्हतं.

“मन काही फेकून देत नाही,” डॉक्टरबाई म्हणायच्या. “अडगळीत टाकतं आणि वर कुलूप घालतं.”

शेवटी ती अडगळ उघडली. एक बुटकं निळं दार. दुपारची वेळ. दारावर कोणीतरी मुठी आपटतंय आणि प्रत्येक धक्क्याला पितळी कडी उडतेय. कडीवर एक हात आहे. मग मुठी हळूहळू थांबतात.

“त्या मुठी तुमच्याच,” डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. “जे सोसवत नाही ते माणूस लांबून बघतो, दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं. आता हात कोणाचा ते विचारायचं धाडस करा. ते कळलं की सुटाल.”

म्हाताऱ्याने रंधा खाली ठेवला.

“तुझ्या डॉक्टरीणबाईंना काय वाटतं?”

“तुमचा होता.”

“बरोबर आहे त्यांचं.”

ती भांडायच्या तयारीने आली होती. तो हात झटकेल, ओरडेल, ‘काय खुळ्यासारखं बोलतेस’ म्हणेल, असं तिने धरलं होतं.

“दंगा करत होतीस,” तो म्हणाला. “माझं डोकं फिरलं. मी कोंडलं तुला.”

“मी केवढी होते?”

“सहा वर्षांची.”

“आत तुमचं पॉलिश असायचं, थिनर असायचं. तेवढ्याशा जागेत त्या वासाने जीव जातो, बाबा!”

“माहीत आहे.”

“आणि धाकटा? तो कुठे होता?”

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तीन वर्षांचा होता. त्याच साली तापाने गेला, असं ती ऐकत आली होती. घरात त्याचं नाव निघत नसे, भिंतीवर फोटोसुद्धा नव्हता.

म्हाताऱ्याने रंधा पुन्हा हातात घेतला.

“आत होता. झोपला होता.”

“आईला हे ठाऊक होतं?”

“होतं.”

म्हणजे असं होतं तर. त्या वर्षानंतर आईने तिला कधी जवळ घेतलं नव्हतं, अगदी शेवटच्या आजारातही नाही. मुलाच्या दुःखाने आई कोरडी पडली, असंच तिला वाटायचं. आता उलगडा झाला. मनात खोट असली की माणूस नजर चुकवतो.

“तीस वर्षं मला वाटत आलंय, माझ्यातच काहीतरी वाईट आहे,” ती म्हणाली. रागाने तिचा आवाज चिरकत होता. “आणि तुम्ही दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात! माझा मुलगा यापुढे तुमचा उंबरा ओलांडणार नाही.”

म्हाताऱ्याने टेबलाकडे पाहिलं. नातवासाठी करायला घेतलेली लाकडी गाडी तिथे होती. एक चाक बसवायचं राहिलं होतं.

“बरं,” तो म्हणाला. “आता झोप लागेल ना तुला?”

ती तडक निघाली. जिन्यापाशी ती थांबली. निळा रंग विटला होता, पितळ काळं पडलं होतं, पण दार तेच होतं.

“ते उघडू नकोस, बाळ!”

म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. लाज वाटत असेल, तिच्या मनात आलं. वाटू दे. ज्याची भीती वाटते त्याच्या आत जाऊन बसा, असं डॉक्टरबाई सांगायच्या. तिने वाकून दार उघडलं, अंग चोरून आत शिरली आणि दार ओढून घेतलं.

वास केव्हाच उडून गेला होता. गुडघे छातीशी घेऊन ती वाट पाहत राहिली. पण ओळखीचं काहीच येईना. ती दाराकडे वळली आणि फटीतून येणाऱ्या उजेडात तिने तो निळा रंग शोधला, ती कडी शोधली.

आतल्या बाजूला रंग नव्हता. नुसतं लाकूड होतं, रंधासुद्धा न मारलेलं. कडी नव्हती. आणि खाली, तिच्या मुलाचा हात पोचला असता बरोबर तेवढ्या उंचीवर, नखांचे बारीक ओरखडे होते.